८२ आणि ८१

प्रश्न : ताई, आमच्याकडे शाहू स्टेडियमवर लीग होते, पण खरी गर्दी उसळते ती बाद फेरीच्या स्पर्धेच्या फायनलला. मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं, की नेदरलँड्सच्या लीगला फायनलच नसते आणि २०१६-१७च्या हंगामात रॉटरडॅमचा फेयेनूर्ड क्लब अवघ्या एका गुणाने विजेता ठरला. माझा मित्र म्हणतो, तो विजय पीएसव्हीच्या गोलकीपरने फुकटात दिलेला होता. मग याला नशीब म्हणायचं की कर्तबगारी?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मित्राच्या मनात असलेला गोल माझ्या डोळ्यांदेखत झालाय, म्हणून आधी तोच सांगते.

२६ फेब्रुवारी २०१७, रविवार. मी तेव्हा रॉटरडॅम बंदरात कंटेनरच्या नियोजनाचं काम करायचे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला त्या दिवशी जमणार नव्हतं, त्याने आपलं सीझन कार्ड, म्हणजे हंगामभराचा पास, माझ्या हातात ठेवलं. फेयेनूर्डच्या मैदानाला तिथे सगळे ‘डे कौप’ म्हणतात. कौप म्हणजे टब. आपल्याकडचं घंगाळच म्हणा. वरचा मजला खालच्यावर असा झुकलेला, की आवाज आतल्या आत घुमत राहतो. समोर पीएसव्ही, आधीची दोन वर्षं सलग लीग जिंकलेला संघ. १-१ अशी बरोबरी आणि ८२वं मिनिट. कॉर्नरनंतर फेयेनूर्डच्या यान-आरी फान डर हेडनने हेडर मारला. पीएसव्हीचा गोलकीपर यरून झूटने तो अगदी गोलरेषेवर अडवला. इथवर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण चेंडू पक्का धरावा म्हणून त्याने तो छातीशी ओढून घेतला, आणि छाती होती रेषेच्या पलीकडे, गोलच्या आत.

आम्हाला वरून काहीच कळलं नाही. चेंडू वाचला, एवढंच दिसलं. मग पंच बास नायहाउस यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोलरेषेवर लावलेल्या यंत्रणेने घड्याळात इशारा दिला होता. क्षणभर स्टेडियम गप्प, आणि मग जो काही गलका झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. सामना २-१.

आता हिशेब करू. बरोबरीचा एक गुण, विजयाचे तीन. म्हणजे त्या गोलाने दोन गुण जास्तीचे आले. हंगामाअखेर फेयेनूर्डचे ८२ आणि दुसऱ्या आलेल्या ॲमस्टरडॅमच्या आयाक्सचे ८१. दोन वजा केले तर ८०. आकडेमोडीत तुमचा मित्र शंभर टक्के बरोबर आहे.

पण मग बाकीचे सामनेही त्याच तराजूत टाका. त्या हंगामाचे पहिले नऊच्या नऊ सामने फेयेनूर्डने जिंकले. सुरुवातच ग्रोनिंगनला त्यांच्याच मैदानावर ५-० हरवून. नोव्हेंबरात मात्र डेव्हेंटरला जाऊन गो अहेड ईगल्सकडून १-० हरले, आणि हा ईगल्स संघ हंगामाच्या शेवटी तळाला राहिला! मार्चमध्ये रॉटरडॅममधल्याच स्पार्टा क्लबने पहिल्या मिनिटाला गोल केला आणि तेवढ्यावर सामना नेला. हे सहा गुण फेयेनूर्डने स्वतः सांडले. ३४ सामन्यांत प्रत्येकाला काही फुकट मिळतं, प्रत्येकाचं काही हातचं जातं. झूटचं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं, कारण ते कॅमेऱ्यात दिसलं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

माझ्या मते कर्तबगारी कुठे दिसली, तर शेवटच्या आठवड्यात. ७ मे. जिंकलं की विजेतेपद नक्की, आणि सामना नदीपलीकडच्या एक्सेल्सिओरशी. तेही रॉटरडॅमचेच, पण इवलासा क्लब, मैदानात जेमतेम साडेचार हजार माणसं मावतात. मी दक्षिण रॉटरडॅममधल्या माझ्या गल्लीतल्या कॅफेत बसले होते. शेजारच्या टेबलावर एक आजोबा १९९९चा मफलर घेऊन आलेले. त्यानंतर १८ वर्षं क्लबला लीग मिळाली नव्हती. मधल्या काळात, २०१० साली, पीएसव्हीकडून १०-० असा मारही खाल्ला होता. त्या दिवशी एक्सेल्सिओरने ३-० हरवलं. आजोबांनी मफलरची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. कोणी कोणाशी बोललं नाही.

पुढच्या रविवारी, १४ मेला, मीही त्याच टेबलाशी, आजोबाही. हेराक्लेसविरुद्ध घरच्या मैदानावर कप्तान डर्क कौट. वय ३६, त्या हंगामात बऱ्याचदा राखीव बाकावर बसलेला. एक मिनिटही झालं नव्हतं तर त्याने पहिला गोल मारला. बाराव्या मिनिटाला डोक्याने दुसरा. ८४व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, तीही त्यानेच घेतली. तिसरा. (तीन दिवसांनी त्याने निवृत्ती जाहीर केली.) हेराक्लेसने अखेरीस एक फेडला, ३-१.

आणि म्हणे फायनल नसते! अहो, शेवटच्या फेरीचे सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात. आयाक्स त्याच वेळी टिल्बर्गला विलेम ट्वेशी खेळत होता आणि तोही ३-१ असाच जिंकला. फेयेनूर्डची नुसती बरोबरी झाली असती, तरी चषक ॲमस्टरडॅमला गेला असता. कॅफेत एकजण मोबाइलवर तिकडचा स्कोअर बघून ओरडून सांगायचा. कौटच्या दुसऱ्या गोलानंतर आजोबांनी त्याला हात जोडून गप्प बसवलं. शिट्टी वाजल्यावर त्यांनी खिशातून मफलर काढला. आठवडाभर तिथेच होता वाटतं. घडी तशीच होती.