ऑनलाइन लिहून समविचारी माणसं खरंच भेटतात का? रोज किती लिहावं?

भेटतात. मला भेटली. रोज किती लिहावं आणि कोणत्या विषयाला वाचक जास्त, हे मात्र मला विचारू नका. मी मोडी कागदांवर लिहिते, त्याला वाचक ते किती असणार!

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. घरात कुलकर्णी वतनाचे कागद रुमालात बांधलेले. त्यात पाटीलकीच्या भांडणाचा एक महजर, म्हणजे साक्षींसह लिहिलेला निवाडा होता. गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा बसली, निवाडा झाला आणि खाली गावाने साक्षी घातल्या. लिहिता न येणाऱ्यांनी आपापल्या निशाण्या काढल्या: पाटलाचा नांगर, कुंभाराचं चाक, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. आरशाच्या शेजारी एक आकृती होती, एका टोकाला जाड, दुसरीकडे निमुळती. तिच्यापुढचं नाव वाळवीने खाल्लेलं. तारीखही तुटलेली. ‘सबैन मया व अलफ’ एवढं उरलं होतं, आधीचा एककाचा शब्द गेला होता, शकाचा आकडाही गेला होता. ‘विजय नाम संवत्सरे, कार्तिक’ हे मात्र शाबूत.

माझे चुलते मोडी उत्तम वाचतात. त्या आकृतीपुढे ‘लागत नाही’ असा शेरा मारून त्यांनी कागद परत बांधून ठेवला होता. त्यांचा नियम असा की पूर्ण लागल्याशिवाय चार लोकांत काही मांडायचं नाही, आणि घरचा कागद तर चव्हाट्यावर न्यायचाच नाही. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. लग्न होऊन गेलेल्या मुलीने माहेरच्या दप्तराला हात लावला, हेही त्यात आलंच. मी फोटो काढले, ओळ न् ओळ बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत उतरवली, अडलं तिथे जागा मोकळी सोडली, ‘इथे मला लागत नाही’ असं स्पष्ट लिहिलं आणि सगळ्यांना दिसेल असं ऑनलाइन टाकलं.

बरेच दिवस नुसतं ‘छान माहिती’ येत राहिलं. मग नाशिकच्या एका लाँड्रीवाल्यांनी लिहिलं, “ताई, ती मोगरी आहे. धुणं बडवायची. आमच्या आजोबांकडे होती.” परटाची निशाणी! त्या दादांना तेव्हा मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. आमच्या घरात तीन पिढ्या मोडी वाचणारे झाले आणि मोगरी कुणाला ओळखू आली नाही, कारण ती हातात धरलेलं आमच्यात कुणी नव्हतंच.

तारीख बडोद्याच्या एका निवृत्त मास्तरांनी लावून दिली. कागदावर सुहूर सन आहे, मराठेशाहीत चालणारा, मृगाला सुरू होणारा. सबैन म्हणजे सत्तर, मया शंभर, अलफ हजार, तेव्हा सन 1170 ते 1179 मधला. विजय संवत्सर साठ वर्षांतून एकदा येतं, आणि या दहा वर्षांत ते शके 1695 ला पडतं; त्याचा कार्तिक इसवी 1773 मधला. महिना कार्तिक, म्हणजे मृग होऊन गेलेला, म्हणून इसवी काढायला सुहूर सनात 599 मिळवायचे. सन 1173 असता तर इसवी 1772 आलं असतं, ते शकाशी जुळत नाही. 1174 धरला की 1773 येतं. वाळवीने खाल्लेला शब्द ‘अर्बा’, म्हणजे चार, होता. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यानंतर दोन-तीन महिन्यांत आमच्या गावात हा निवाडा लिहिला जात होता. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आज आम्ही काही जण मिळून कागद वाचतो. नाशिकचे दादा मोडी शिकले, आता तेच मला अडलेली अक्षरं पाठवतात. आमची राजकीय मतं अजिबात जुळत नाहीत, आणि ती जुळावीत असं कुणाला वाटतही नाही. माझं स्पष्ट मत आहे की नुसती मतं लिहिणाऱ्याभोवती टाळ्या वाजवणारे जमतात आणि टाळ्या संपल्या की जातात. आपलं जिथे अडलंय ते नेमकं लिहिलं, की ज्याला ते ठाऊक आहे त्याला राहवत नाही.

आणि चव्हाट्याचं म्हणाल, तर महजर झालाच मुळी चारचौघांत. सगळ्यांना माहीत असावं म्हणूनच गावाला बोलावून साक्षी घेतल्या. परटाने आपली मोगरी सगळ्यांसमोर काढली. तो कागद आमच्या माडीवर राहिला म्हणून तो एकट्या आमचा होत नाही. 2023 मध्ये मराठ्यांच्या जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. घरोघरी रुमाल बांधून ठेवणाऱ्यांनी चार जणांना शिकवलं असतं, तर ही धावाधाव करावी लागली नसती. चुलत्यांना हे मी तोंडावर सांगितलंय. त्यांना पटलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. जमिनीचा दावा चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय कागद टाकू नका. आणि पहिला निरोप बहुधा जुने कागद विकत घेणाऱ्याचा येतो, त्याला मूळ प्रत दाखवूही नका. कवितांना वगैरे ही रीत लागू पडेल असं मी म्हणत नाही.

तुम्ही कशावर लिहिणार, ते प्रश्नात सांगितलंच नाहीत. तेवढं जोडा, आणि कुठे अडलंय तेही लिहा. इथे वाचणाऱ्यांत त्यातलं कुणीतरी निघेल.