सहा सिलिंडरच्या गाडीला टर्बो एक बसवावा की दोन?

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. इनलाइन-सिक्स (सहाही सिलिंडर एका रांगेत) असेल आणि पुण्यात रोज चालवणार असाल तर ट्विन-स्क्रोलवाला एकच टर्बो घ्या. पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन सिलिंडरचा एक्झॉस्ट त्यात वेगवेगळ्या वाटेने टर्बाइनवर, म्हणजे टर्बोच्या चाकावर येतो, म्हणून टर्बो लवकर फिरतो. बीएमडब्ल्यूने एन५४ इंजिनाचे दोन टर्बो सोडून २००९ मध्ये एन५५ ला एकच दिला, तो काही उगाच नाही. दोन म्हटले की पाइप, ऑइल लाइन, गास्केट, सगळंच डबल. गळती शोधताना मेकॅनिकही वैतागतो. व्ही-सिक्सला (तीन-तीन सिलिंडर व्ही आकारात) मात्र दोन्ही बाजूंना एकेक सोयीचा. विद्यापीठ चौकात रखडताना बूस्ट (टर्बोचा हवेचा जादा दाब) लागतो कुणाला म्हणा! पण कात्रजच्या चढाला ओढ खालच्या आरपीएमलाच हवी, तेव्हा हॉर्सपॉवरच्या आकड्याला भुलून अवाढव्य टर्बो नको. उरलेले पैसे टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या चांगल्या इंटरकूलरवर घाला.