रचना-प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते? गावातल्या हापशाचे उदाहरण

आपला प्रश्न असा आहे की, अभियांत्रिकीच्या पुस्तकांत रचना-प्रक्रियेच्या, म्हणजे गरज समजून घेण्यापासून वस्तू तयार होईपर्यंतच्या, पायऱ्या क्रमाने दिलेल्या असतात, पण प्रत्यक्षात वस्तू तशी घडते का. आणि तंत्रज्ञानाचा समाजावर होणारा परिणाम हा त्या प्रक्रियेचा भाग मानायचा की नंतरचा वेगळा विषय? मी यांत्रिकी अभियांत्रिकी शिकवतो आणि या प्रश्नासाठी मला सर्वांत उपयुक्त वाटणारे उदाहरण म्हणजे आपल्या गावांतला हापसा, अर्थात ‘इंडिया मार्क-२’ हा हातपंप. त्याचा इतिहास पाहिला की हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, असे माझे मत झाले आहे.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिहारमध्ये आणि पुढे १९७२ मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. दख्खनच्या काळ्या कातळात हाताने विहीर खोल नेणे अतिशय कष्टाचे होते. युनिसेफच्या मदतीने हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रे आली आणि पूर्वी जिथे पाणी लागत नव्हते तिथेही ते लागू लागले. पण त्या बोअरवर बसवलेले पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते, आणि त्यांचे मूळ नमुने युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी, म्हणजे एका कुटुंबाच्या वापरासाठी केलेले होते. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी सुमारे ७५ टक्के बंद असल्याचे आढळले.

या टप्प्यावर समस्या चुकीच्या पद्धतीने मांडण्याची पुरेपूर शक्यता होती. ‘लोक पंप नीट वापरत नाहीत’ असे म्हणता आले असते, किंवा ‘बीड आणखी जाड करा’ असे सांगून विषय संपवता आला असता. खरी गोष्ट अशी होती की, दिवसातून काही वेळा चालण्यासाठी केलेले यंत्र पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अख्ख्या गावासाठी चालत होते. दांडा प्रत्येक वेळी शेवटच्या टोकाला आदळत होता, बोल्ट सैल होत होते आणि खिळीची भोके झिजून मोठी होत होती. ‘एका कुटुंबाचा पंप अधिक मजबूत कसा करावा’ हा प्रश्न सोडून ‘शेकडो माणसांनी दिवसभर वापरायचा पंप कसा असावा’ हा प्रश्न घेतला, तेव्हा खरे काम सुरू झाले. माझ्या दृष्टीने संपूर्ण रचना-प्रक्रियेत याहून महत्त्वाची पायरी नाही, आणि दुर्दैवाने वर्गात आम्ही तिला सर्वांत कमी वेळ देतो.

नव्या रचनेचा आधार एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेतून आला नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. जालना आणि सोलापूर येथे बोअरचे काम करणाऱ्या संस्थांनी स्वतःच्या गरजेतून पोलादी, वेल्डिंग केलेले पंप आधीच बनवले होते आणि ते इतरांपेक्षा जास्त टिकत होते. त्या अनुभवावरून भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास या कंपनीचा मद्रासचा कारखाना यांनी मिळून मार्क-२ घडवला. त्यात दांड्याला एकच आस आणि सीलबंद बॉल-बेअरिंग दिले. दांड्याच्या पुढच्या टोकाला वर्तुळाचा चतुर्थांश जोडून त्यावरून साखळी सोडली, त्यामुळे दांडा कमानीत फिरला तरी खालची सळई सरळच वर-खाली होते आणि तिच्या टोकाच्या दट्ट्यावर (पिस्टनवर) तिरका ताण येत नाही. दांडा भरीव लोखंडाचा केला, कारण त्याचे वजन सळयांच्या भाराला तोलून धरते आणि लहान मुलालाही पाणी हापसता येते. पंपाचा पाया बोअरच्या नळीवर न टेकवता काँक्रीटच्या ओट्यात पक्का केला. त्यामुळे पंप डगमगणे थांबले आणि वरचे घाण पाणी बोअरमध्ये उतरण्याची वाटही बंद झाली.

नमुने कोइम्बतूर भागात, जिथे पाणी खोल होते आणि वापर भरपूर होता, अशा ठिकाणी तपासले गेले. १९७९ मध्ये पंपाचे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. रचनेवर कुणाची मालकी ठेवली नाही, म्हणून अनेक कारखाने तो बनवू शकले आणि एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला.

समाजावरचा परिणाम सांगायचा तर प्रथम नारूचे, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या जंताच्या रोगाचे, नाव घ्यावे लागेल. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरत, नारू झालेल्याचा पाय पाण्यात बुडे आणि तेच पाणी गाव पीत असे. वरून झाकलेला बोअर आणि हापसा यांमुळे ही साखळी तुटण्यास मोठी मदत झाली, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. त्याच वेळी खोल खडकातल्या पाण्यातून काही भागांत फ्लोराइड लोकांच्या पोटात जाऊ लागले आणि दात व हाडे बिघडली. पंप उत्तम चालत होता. दोष पाण्यात होता, आणि ते पाणी गावापर्यंत पोहोचवले बोअर-हापशानेच. हापसा कोणत्या वस्तीत बसवायचा, हा प्रश्न तर आराखड्यात कुठेच नव्हता. महाडच्या सत्याग्रहाला अर्धशतक उलटून गेल्यावरही पाणी आणि जात यांचा संबंध तुटलेला नव्हता, त्यामुळे ओट्याची जागा ठरवणे म्हणजे कुणी निर्धास्तपणे पाणी भरायचे हेच ठरवणे होते.

दुरुस्तीचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मार्क-२ चे कातडी वॉशर झिजले की ते बदलण्यासाठी बोअरमधला सगळा पाइप वर ओढावा लागतो. त्यासाठी खास अवजारे, पाच-सहा माणसे आणि बहुधा गाडी लागते, म्हणजे गावाला जिल्ह्याच्या पथकाची वाट पाहावी लागते. पाइपाचा व्यास किती, या वरवर निव्वळ तांत्रिक वाटणाऱ्या निर्णयाने गावाचे परावलंबन ठरवले होते. १९८० च्या दशकात कोइम्बतूर भागातच पुन्हा चाचण्या होऊन मार्क-३ आला. त्याचा पाइप इतका रुंद ठेवला की दट्ट्या पाइपातूनच वर काढता येतो, आणि कातड्याऐवजी अधिक टिकणारे नायट्राइल रबर वापरले. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात ग्रामीण स्त्रिया हापशाच्या मिस्त्री झाल्या. पाना हातात घेतलेली बाई हे दृश्य त्या भागात अगदी नवीन होते.

तरीही मार्क-३ ने मार्क-२ ची जागा पूर्णपणे घेतली नाही, कारण रुंद पाइप महाग आणि जड पडतो. मार्क-२ पुढे आफ्रिकेत गेला, तेव्हा काही भागांतल्या आम्लधर्मी पाण्याने त्याचे जस्त-लेपित पाइप गंजले, पाण्याला लोखंडाची चव आली आणि लोक जुन्या पाणवठ्यांकडे वळले. त्यामुळे तिथल्या अभियंत्यांना पाइपाचा पदार्थ नव्याने निवडावा लागला; म्हणजे भारतात तपासून, मानक ठरवून झालेली रचना तिथे पुन्हा पहिल्या पायरीवर, गरज समजून घेण्यावर, आली.