गुडघेदुखीवर अल्पमात्रा किरणोपचार: कोरियातील चाचणी कशी वाचावी

आपल्या ६४ वर्षांच्या आईंचे गुडघे झिजले आहेत, गोळ्यांनी पुरेसा आराम पडत नाही, आणि कोरियात किरणोपचाराने गुडघेदुखी कमी झाल्याची बातमी वाचून तो उपचार करून घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

आधी भीतीचा मुद्दा. कर्करोगाच्या गाठीवर बहुधा एकूण ५० ते ७० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतका मारा करतात. गुडघ्यासाठी तो ३ ते ६ ग्रे असतो आणि तोही लहान लहान भागांत विभागून दिला जातो. एवढ्या कमी मात्रेने पेशी मारण्याचा हेतू नसतो, तर सांध्यातील दाह शमवण्याचा असतो. जर्मनीत हा उपचार अनेक दशके रूढ आहे. मात्र रूढ असणे म्हणजे सिद्ध असणे नव्हे, कारण गुडघेदुखी मुळातच कमीजास्त होत राहते आणि माणूस उपचाराला येतो तो सहसा दुखणे शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केले तरी थोडा उतार पडतोच. म्हणूनच यंत्राखाली झोपवून किरण मात्र न देणारा, म्हणजे नकली उपचाराचा, गट चाचणीत असावाच लागतो.

नेदरलँड्समध्ये २०१८ च्या सुमारास अशी चाचणी झाली. वेदनाशामके आणि व्यायाम यांचा पुरेसा उपयोग न झालेल्या ५५ रुग्णांपैकी निम्म्यांना १ ग्रेचे सहा डोस मिळाले, उरलेल्यांना नकली उपचार. तीन महिन्यांनी खऱ्या गटात ४४ टक्के, तर नकली गटात ४३ टक्के रुग्णांना आराम होता, म्हणजे फरक जवळजवळ शून्य.

कोरियातील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये मांडले गेले. त्यात सौम्य ते मध्यम झीज असलेले ११४ रुग्ण होते आणि तीन गट होते: नकली, एकूण ०.३ ग्रे आणि एकूण ३ ग्रे, प्रत्येकी सहा बैठकांत. चार महिन्यांनी आराम पडलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२, ५८ आणि ७० टक्के होते. नकली गटाचा आकडा दोन्ही देशांत जवळपास सारखाच आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. फरक पडला तो खऱ्या उपचाराच्या गटात. माझ्या मते त्याचे एक संभाव्य कारण रुग्णांच्या निवडीत आहे: कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे मऊ अस्तर, बरीच शिल्लक असेल तर दाह शमवून काही साधते, हाडावर हाड घासू लागल्यावर ते कठीण होते. कोरियात रुग्णांना पॅरासिटामॉलशिवाय दुसरे वेदनाशामक घेण्याची मुभा नव्हती, त्यामुळे गोळ्यांचा प्रभाव निकालात मिसळण्याची शक्यता कमी झाली. तरीही हा चार महिन्यांचा निकाल आहे, आणि ११४ ही संख्या लहानच.

त्यामुळे आईंच्या बाबतीत सर्वप्रथम उभ्याने काढलेला एक्स-रे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून झीज कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारावे. शेवटचा टप्पा असेल तर या उपचारात वेळ घालवू नये, सांधेबदलाबद्दल बोलावे. मध्यम टप्पा असेल आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम काही महिने नेमाने करूनही दुखणे हटत नसेल, तर किरणोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास हरकत नाही. या वयात किरणांमुळे पुढे कर्करोग होण्याचा धोका अत्यल्प मानला जातो, तरुण रुग्णांत मात्र हा उपचार टाळतात. एकूण मात्रा आणि बैठकांची संख्या किरणोपचारतज्ज्ञांकडून लेखी घ्यावी. उपचाराआधी दोन आठवडे आणि नंतर चार महिने आईंनी रोज किती गोळ्या घेतल्या, जिने चढताना किती दुखले, हे वहीत लिहून ठेवावे. गोळ्या वाढल्यामुळे दुखणे कमी झाले की किरणांमुळे, हे त्याशिवाय ठरवता येणार नाही.