रॅम बसत नाहीये? जोर लावू नका, आधी खाच बघा

प्रश्न : आमच्याकडे २०१३ ला असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे, आय३ थर्ड जनरेशन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, विंडोज १०. हे सोसायटीचे सेक्रेटरी आहेत त्यामुळे मेंटेनन्सची बिलं, एक्सेल, मेल सगळं त्याच्यावरच, आणि क्रोमचे चार टॅब उघडले की मशीन लटकतं. भाच्याने ८ जीबीची डीडीआर४ स्टिक आणून दिलीय पण ती बसत नाहीये. हे म्हणतात जरा जोर लावला की बसेल. लावू द्यावा का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, अजिबात नको. आधी यजमानांना एवढं सांगून या आणि मग पुढचं वाचा.

ती स्टिक तुमच्या मशीनला चालणारच नाही, कितीही दाबली तरी. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो आणि थर्ड जनरेशनच्या आय३ ला डीडीआर३, म्हणजे आधीच्या पिढीची रॅमच लागते, डीडीआर४ बाजारात आली २०१४ मध्ये म्हणजे तुमचं मशीन घेतल्यानंतर. डीडीआर३ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट, आणि खालच्या सोनेरी पट्टीतली ती छोटी खाच दोन्हींना वेगळ्या जागी ठेवलेली असते, चुकीची रॅम बसूच नये म्हणून. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांनी अशीच एक स्टिक दाबून अर्धवट बसवली आणि स्विच ऑन केला, रॅमचा स्लॉट जळाला आणि मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्डच, बदलावा लागला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण आधी पाच मिनिटं बघितलं असतं तर काहीच झालं नसतं.

आता ती पाच मिनिटं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. नेहमीचं काम चालू ठेवून बघा, मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास जात असेल तर रॅमच कमी पडतेय. पण मेमरी निवांत आणि डिस्क मात्र सारखी १०० टक्के असं दिसलं तर दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं आहे, मग पैसे आधी एसएसडीत, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी लागणाऱ्या वेगवान ड्राइव्हमध्ये, घाला. तिथेच खाली किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत तेही दिसतं. मग सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर येतं ते टाका, त्यात मेनबोर्डच्या टॅबमध्ये बोर्डाचं मॉडेल आणि एसपीडीच्या टॅबमध्ये आत्ता लावलेल्या स्टिकचा प्रकार, स्पीड, पार्ट नंबर सगळं मिळतं. मॉडेल मिळालं की बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर जाऊन जास्तीत जास्त किती रॅम चालते ते बघाच. त्या काळात एच६१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड घरोघर होते, त्यांना बहुतेक दोनच स्लॉट आणि एका स्लॉटला जास्तीत जास्त ८ जीबी. आणि हो, विंडोज ६४ बिट आहे ना तेही सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये बघून घ्या, ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम तुमच्या विंडोजला वापरताच येणार नाही.

एक स्लॉट रिकामा असेल तर आहे त्याच्याच जोडीची ४ जीबी डीडीआर३ घ्या, ८ होतील, दोन्ही सारख्या असल्या की ड्युअल चॅनलचाही, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जाण्याचाही, फायदा मिळतो, सोसायटीच्या कामाला भरपूर झालं. जुनी १३३३ स्पीडची आणि नवी १६०० स्पीडची असली तरी चालतं, दोन्ही १३३३नेच पळतील. याहून जास्त खर्च मात्र या मशीनवर करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय आणि थर्ड जनरेशनचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत.

घ्यायला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर मशीन न्यायची गरज नाही, जुनी स्टिक काढून बरोबर न्या आणि बोर्डाचं मॉडेल कागदावर लिहून न्या. दुकानात ‘डेस्कटॉपची’ असं आवर्जून म्हणा, लॅपटॉपची स्टिक आखूड असते. आणि ‘इंटेल बोर्डावर चालेल ना’ हे नक्की विचारा, कारण खूप स्वस्तात मिळणाऱ्या डीडीआर३मध्ये काही स्टिक फक्त एएमडीच्या बोर्डावरच चालतात. बदलून देणार हे बिलावर लिहून घ्या.

लावताना प्लग भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाईल, खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना सारखं दाबा, क्लिप आपोआप टक करून बंद होते. चालू केल्यावर नुसत्या बीप वाजल्या आणि स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका, आपल्याकडच्या दमट हवेत पिनांवर थर बसतो, स्टिक काढून सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने हलकेच घासा, कण झटका आणि परत लावा. भाच्याची डीडीआर४ त्याला परत द्या, त्याच्या नाहीतर कोणाच्या तरी नव्या मशीनला उपयोगी पडेल.