1803 मध्ये शिंद्यांच्या छावणीतली बातमी इंग्रजांपर्यंत पोचायची कशी?

तुम्ही विचारलंय की दौलतराव शिंद्यांचा तळ बऱ्हाणपूर ते अजिंठा घाट या पट्ट्यात असताना ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, कर्नल कॉलिन्स त्यांच्याच छावणीत राहत होता, मग तो हेरगिरी करायचा का? आणि करत होता तर त्याला हाकललं का नाही?

करायचाच. वकील म्हणून दरबारात बसायचं ते त्यासाठीच, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारातून पुण्याला पानंच्या पानं लिहून पाठवत, त्याला कुणी हेरगिरी म्हटलं नाही. वकिलाला हाकलणं म्हणजे युद्ध पुकारणं. शिंद्यांना तर उलट वेळ काढायचा होता. नागपूरकर रघूजी भोसले येऊन मिळायचे होते आणि पावसाळा सरायला हवा होता, कारण नद्या उतरल्याशिवाय मराठी घोडदळाला मोकळी दौड मिळत नाही. नेमक्या याच कारणानं दख्खनमधल्या इंग्रज फौजेचा सेनापती जनरल वेलस्ली याला लढाई भर पावसात हवी होती. कॉलिन्स छावणीत आहे तोवर बोलणी चालू आहेत असं दिसत होतं, आणि ते शिंद्यांच्याही सोयीचं होतं.

आता काम कसं चालायचं ते. रेसिडेंटच्या हाताखाली फारसी मुनशी, अखबारनवीस आणि हरकारे, म्हणजे बातमी आणणारे-नेणारे जासूद. अखबारनवीस दरबारात उघड बसून रोजनिशी लिहितो: कोण भेटीला आलं, कुणाला पोशाख दिला, कुणाशी एकांतात बोलणं झालं, कुणाच्या पलटणीचा पगार थकलाय. यात गुपित काहीच नसतं, पण सलग महिनाभराचे अखबार शेजारी ठेवले की कल लक्षात येतो. एखाद्या सरदाराचं नाव आठ दिवस आलंच नाही, तर तो कुठे गेला हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

माझ्या मते दरबारापेक्षा बाजार जास्त बोलतो. छावणीच्या बाजारात हरभरा आणि ज्वारी महागली, धान्य वाहणाऱ्या वंजाऱ्यांचे तांडे थांबवून ठेवले, चरायला लांब सोडलेले तोफांचे बैल परत बोलावले, नालबंदांकडे गर्दी झाली, तर कूच जवळ आलं म्हणायचं. सावकार कुठल्या गावावरची हुंडी घ्यायला कांकू करतो यावरून फौज कुठे वळणार याचा अंदाज बांधता येतो. दिवाणानं तोंडी काहीही आश्वासन दिलं तरी बैल खोटं बोलत नाहीत.

बातमी न्यायची कशी, हा वेगळाच ताप. हरकारे बहुधा जोडीनं जात. महत्त्वाच्या पत्राची दुसरी प्रत वेगळ्या वाटेनं निघे, नाजूक मजकूर सांकेतिक लिपीत असे. पूर आला की तापी-पूर्णेच्या उतारावर, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागी, माणूस अडकून पडायचा, आणि मग नंतर निघालेलं पत्र आधी पोचायचं. वाचणाऱ्यानं क्रम लावला नाही तर कालची धमकी आजची समजूत ठरते.

मे 1803 च्या अखेरीस कॉलिन्सनं दौलतरावांना थेट विचारलं. उत्तर आलं की भोसल्यांशी भेट झाली की तह की लढाई ते कळवू. कॉलिन्सनं ते शब्द तसेच वर पाठवले. वकिलाच्या पत्रात ऐकलेलं शब्दशः एकीकडे आणि आपला तर्क दुसरीकडे असायला हवा. दोन्ही कालवले की वाचणाऱ्याचा घात होतो.

कॉलिन्स 3 ऑगस्टला छावणी सोडून निघाला. ती बातमी अजिंठ्याकडून नगरजवळ वेलस्लीच्या तळावर 6 ऑगस्टला पोचली आणि त्याच दिवशी त्यानं युद्ध पुकारलं. भर पावसात तीन दिवस, म्हणजे डाक चांगलीच पळाली. पण त्या दिवसापासून इंग्रजांची आतली खिडकी बंद झाली, हे फारसं कुणी लिहीत नाही.

पुढचं सगळं हरकाऱ्यांवर. वेलस्लीनं बातमीची तीन वेगळी खाती ठेवली होती, प्रत्येकाचा प्रमुख थेट त्यालाच सांगायचा. तिन्हींच्या बातम्या जुळल्या तर खऱ्या, अशी रचना. मांडणी चोख, तरी 23 सप्टेंबरला फसली. हरकाऱ्यांनी सांगितलं, शत्रू भोकरदनला आहे. वेलस्लीनं ते गाव धरलं आणि दुसऱ्या इंग्रज तुकडीच्या कर्नल स्टीव्हन्सनशी ठरवलं की दोन वाटांनी जाऊन 24 तारखेला मिळून हल्ला करायचा. प्रत्यक्षात भोकरदन हे परगण्याचंही नाव होतं, आणि तळ पसरला होता तो पार असईपर्यंत. बारा-चौदा मैलांवर समजलेली फौज सहा मैलांवर निघाली. जामनेर तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यातला माणूस मुंबईत गेल्यावर गाव जामनेरच सांगतो, तसलाच प्रकार. हरकारा खोटं बोलला नव्हता. तिन्ही खात्यांनी तेच नाव आणलं असेल तर ताळाही जुळलाच असणार! 'गावात की परगण्यात, आणि कुठल्या ओढ्यापासून कुठल्या ओढ्यापर्यंत' एवढंच विचारायचं राहिलं.

त्याच दिवशी वाटाड्यांनी खेळणा नदीला जवळपास उतार नाही असं सांगितलं. वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं दिसली. इतकी जवळ वसलेली दोन गावं ये-जा करत असणारच, म्हणजे उतार असलाच पाहिजे, असा त्यानं तर्क केला आणि तो खरा ठरला.

कॉलिन्सची माहिती मात्र पक्की होती. ऑगस्टच्या शेवटी औरंगाबादेत भेट झाली तेव्हा त्यानं वेलस्लीला बजावलं होतं की घोडदळाचं सोडा, शिंद्यांचं पायदळ आणि तोफा पाहून थक्क व्हाल. तरुण अधिकाऱ्यांनी म्हाताऱ्याची टिंगल केली. 23 सप्टेंबरलाच झालेल्या असईच्या लढाईत इंग्रजांकडची 1584 माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली, बहुतेक त्या तोफांपुढेच. 98 तोफा नंतर हाती लागल्या ते सोडा. महिनोन्‌महिने छावणीत राहून पलटणींची कवायत डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं मोजमाप आणि वाटेवर विचारपूस करून आणलेली बातमी यात एवढा फरक पडतो.

तुम्हाला मूळ कागद चाळायचे असतील तर दोन गोष्टी सांभाळा. इंग्रजी पत्रांत गावांची नावं ओळखू येत नाहीत, अजिंठा 'अडजंटी' होतो आणि भोकरदन 'बोकरडन', तेव्हा नकाशा शेजारी ठेवूनच वाचा. मराठी पत्रांत बहुतेकदा 'छ' लिहून मुसलमानी महिन्याचा दिवस दिलेला असतो, तो इंग्रजी तारखेशी लावताना एखादा दिवस इकडेतिकडे होतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या मराठी कागदांचा मोठा संग्रह आहे. मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत घेऊन जा.