फुप्फुस धुतलेल्या पाण्याचा रिपोर्ट : तुमचे प्रश्न

दूध किंवा अन्न मुलाच्या फुप्फुसात जातंय का, हे बघायला श्वासनलिकेत दुर्बीण घालतात (ब्रॉन्कोस्कोपी), फुप्फुस थोडं धुतात आणि ते पाणी तपासतात. त्या रिपोर्टचा फोटो, लाल पेनाने गोल केलेला एक आकडा आणि खाली 'हे वाईट आहे का?' एवढंच वाक्य. अशी पत्रं इतकी येतात, की या वेळी एकत्रच उत्तरं देते.

बाळाला दूध पिताना ठसका लागत नाही. म्हणजे दूध छातीत जात नाही, हे धरून चालू ना?

नाही. बाळं न खोकताही दूध फुप्फुसात घेतात.

दीड वर्षाच्या मुलीला तीनदा न्यूमोनिया झाला. ब्रॉन्कोस्कोपीत 'लिपिड-लेडन मॅक्रोफेज इंडेक्स' 130 आला. निदान झालं का?

झालं नाही. फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशींनी किती चरबी गिळली आहे, ते या तपासणीत रंग देऊन बघतात. 100 पेशी मोजायच्या, प्रत्येकीला 0 ते 4 गुण द्यायचे. बेरीज जास्तीत जास्त 400. पण चरबी दुधातूनच आली, हे पेशी सांगत नाही. जंतुसंसर्ग, सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार, शिरेतून दिलेलं चरबीचं सलाइन यांनीही आकडा वाढतो. त्यात गुण देणारं माणूस बदललं की बेरीजही बदलते. उलट, ज्याच्या फुप्फुसात फक्त पाणी किंवा लाळ जाते, त्याचा आकडा कमीच राहू शकतो. संशय पक्का करायला आकड्याची थोडी मदत होते, बस. मुलीची सगळी कागदपत्रं घेऊन बालफुप्फुसतज्ज्ञांना भेटा.

मुलाच्या फुप्फुसातल्या पाण्यात पेप्सिन सापडलं. चार महिने ॲसिड कमी करायचं औषध चालू आहे, तरी छाती घरघरतेच. डोस वाढवावा का?

आधी औषध कशासाठी चाललंय ते विचारा. पेप्सिन हे अन्न पचवणारं द्रव्य जठरात बनतं, त्यामुळे ते फुप्फुसात सापडलं तर जठरातलं काहीतरी वर येऊन आत गेलं असावं, असा अर्थ लावतात. यातसुद्धा मेख आहे : पेप्सिनचा एक प्रकार फुप्फुसाच्या पेशीही बनवतात, आणि तपासणीला दोन्हींतला फरक कळत नसेल तर रिपोर्ट फसवा. पण समजा, रिपोर्ट खरा आहे. ॲसिडच्या औषधाने काय होतं? वर येणारा द्रव कमी आंबट होतो. यायचा तो येतोच, आणि आत जायचा तो जातोच. शिवाय ॲसिड हे जंतूंना अडवणारं दार. ते महिनोन्महिने उघडं ठेवलं की छातीचे आणि पोटाचे संसर्ग वाढण्याची भीती. म्हणून डोस वाढवूही नका आणि मनाने बंदही करू नका. देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

मला सतावणारी गोष्ट वेगळीच आहे. फुप्फुसात वस्तू दोन वाटांनी जाते : खालून, म्हणजे जठरातून उलट वर येऊन; आणि वरून, म्हणजे गिळतानाच चुकून. वरून गेलेल्या घोटात पेप्सिन नसतंच. पेप्सिन सापडलं तरी वरची वाट बंद आहे असं ठरत नाही, आणि नाही सापडलं तरी मूल सुटत नाही. तरीही 'रिफ्लक्स' (जठरातलं वर येणं) हा शब्द कागदावर उमटला की शोध तिथेच थांबतो. मग स्वरयंत्राच्या मागच्या भिंतीतली जन्मजात खाच राहून जाते. ही खाच भूल देऊन, कडक दुर्बिणीने, मुद्दाम कड बाजूला सारून पाहिल्याशिवाय अनेकदा दिसत नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका जोडणारा बारीक जन्मजात मार्गही असाच निसटतो. तोवर न्यूमोनियावर न्यूमोनिया होत राहतात आणि श्वासनलिका कायमच्या रुंदावू शकतात. ते नुकसान औषधाने भरून निघत नाही. गिळण्याची हलती एक्स-रे तपासणी झाली का? गिळणं बघणाऱ्या थेरपिस्टने मूल जेवताना पाहिलं का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर पेप्सिनची चर्चा नंतर करू.

घरबसल्या लाळेतलं पेप्सिन तपासायचं किट मिळतं. दुर्बिणीचा त्रास वाचेल का?

पैसे वाचवा. जठरातला द्रव घशापर्यंत धडधाकट मुलांतही येतो; लाळेत पेप्सिन दिसलं म्हणून तो फुप्फुसात गेला असं होत नाही. मुलांतल्या रिफ्लक्सवरच्या 2018च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही अशा खुणांवर निदान करू नका, असंच सांगितलंय. 'शास्त्रीय' शब्द खोक्यावर छापायला काही लागत नाही.

अमायलेज वाढलं म्हणजे लाळ आत जाते का?

शक्य आहे, कारण अमायलेज हे लाळेतलं पाचक द्रव्य. पण दुर्बीण घशातून उतरतानाच थोडी लाळ सोबत नेते. नमुना कसा घेतला, ते डॉक्टरांना विचारा.

ओळखीच्यांनी दूध घट्ट करून पाजायला सांगितलं. करू का?

ओळखीच्यांनी तुमच्या बाळाचं गिळणं पाहिलंय का? किती घट्ट चालतं हे तपासणीत ठरतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत काही घट्ट करणाऱ्या पावडरी आतड्याला धोक्याच्या ठरू शकतात. थेरपिस्टकडे जाताना नेहमीचीच बाटली, नेहमीचंच निपल न्या आणि घरी दूध पाजतानाचा व्हिडिओ दाखवा. सुरुवातीचा नको, बाळ दमल्यावरचा शेवटचा भाग.